दोघं अजून गुहेतच

रविवार, ८ जून

आजपासून रोजनिशी. ही कुणी वाचायची नाही. आईने तर नाहीच नाही.

साताऱ्याचं स्थळ बघून आलो. यंदाचं तिसरं. पोहे चांगले होते. मुलीने विचारलं, आवड काय? मी म्हणालो, गेम. तिचा चेहरा खुलला. म्हणाली, क्रिकेट का? मी म्हणालो, छे. आपण स्वतः एक जग रचायचं, त्यात राजे, राक्षस, जादूगार. मग टेबलाभोवती बसून, फासे टाकून, तोंडी गोष्ट खेळायची. माझं असं अख्खं राज्य तयार आहे, आठवीपासून रचतोय. मग थोडक्यात राजघराण्याची वंशावळ सांगितली. सहाव्या पिढीला तिचा मामा मधेच म्हणाला, ते ऱ्हाऊ द्या पावणं, तुमची सोताची जमीन किती? संध्याकाळी निरोप आला की पत्रिका जुळत नाही. पत्रिका आम्ही दिलीच नव्हती.

परतीच्या एसटीत आई कराड आल्यावर म्हणाली, आरं राजा, एकतीस वर्साचा झालास, त्या राक्षसांचं तेवढं बोलू नगंस की रं.

निश्चय: यापुढे कांदेपोहे बंद. आपल्यासारखीच मुलगी आपणच शोधायची. आपल्यासारखीला वंशावळ सांगावी लागत नाही, ती स्वतःच विचारते.

बुधवार, ११ जून

गावाच्या ग्रुपवर जाहिरात टाकली. इस्लामपुरात कल्पनाविश्वाचा खेळ, दर रविवारी दुपारी, बुद्धिमान खेळाडू पाहिजेत, मुलींना प्राधान्य. शेवटचे दोन शब्द नंतर काढून टाकले.

प्रतिसाद उदंड. एकाने विचारलं तीन पत्ती असते का. दुसऱ्याने विचारलं, धाड पडली तर मागच्या दाराने जाता येतं का. आणि एक मेसेज कुंडलहून. नाव स्वप्नाली. तिने विचारलं, वीस बाजूंचा फासा माझा मी आणू का?

तिच्याकडे स्वतःचा फासा आहे!

रविवार, १५ जून

आली. वडिलांना घेऊन आली. जोतीराम काका, कुंडलचे, द्राक्षबागवाले. मुलगी इथल्या कॉलेजात गणित शिकवते, रोज एसटीने जा-ये. फासा निळा, वडिलांच्या चुन्याच्या रिकाम्या डबीत ठेवलेला.

काका पूर्ण वेळ गच्चीवरच्या खोलीच्या दाराशी खुर्ची टाकून बसले. आपली पोर कसल्या माणसात आली ते बघत होते, बरोबरच आहे. मधेच विचारलं, तुमच्या राजाला पानी कुठनं हाय, कॅनॉल का बोअर? इतक्या वर्षांत मी पाण्याचा विचारच केला नव्हता. स्वप्नाली माझा नकाशा निरखत होती. म्हणाली, सर, तुमची नदी डोंगर चढतीये. मी म्हणालो, जादूची आहे. ती म्हणाली, बरं.

त्या 'बरं'मध्ये खूप काही होतं. जाताना काका आईला म्हणाले, आता मी येत न्हाई, पोरगी हितं सुखरूप हाय. म्हणजे घरची संमती पहिल्याच दिवशी. बाकी काय, फक्त तिला सांगायचं राहिलं.

खेळायला मात्र निदान दोन खेळाडू हवेत. खेळ चालवणारा मी, खेळणारी ती एकटी, हे बरं दिसत नाही.

रविवार, २२ जून

दुसरा खेळाडू म्हणून धैर्यशीलला, म्हणजे आमच्या धैर्याला, धरून आणला. बालमित्र. माजी पैलवान, आता उसाच्या रोपांची नर्सरी. शाळेत मला कुणी कोपऱ्यात धरलं की हा मधे पडायचा. कुस्तीत दोन्ही कान चुरगाळून गेलेत, कांदाभज्यांसारखे दिसतात. याला घेण्यामागे शास्त्र आहे. शेजारी असा गडी बसला की माझी बुद्धी आपोआप उठून दिसते, आणि त्या कानांकडे बघून कुठल्याही मुलीच्या मनात काही येण्याची धास्ती नाही.

त्याला म्हणालो योद्धा हो. तो म्हणाला, लय मारामारी केली गड्या, आता कुणाला तरी बरं करू दे. वैद्य झाला. योद्धा झाली स्वप्नाली. पहिल्याच लढाईत तिला बाण लागला, तर या पठ्ठ्याने झोळीतली सगळी औषधं तिच्यावर संपवली. पुढे तीन राक्षस बाकी असताना! मी समजावून सांगितलं की ही चुकीची खेळी आहे. तो म्हणाला, असंल.

आईने भडंग दिलं. त्यातल्या मिरच्या धैर्याने वेचून बाजूला काढल्या, स्वप्नालीला तिखट सोसत नाही म्हणून. मला हे माहीत नव्हतं. विचारलं तर म्हणाला, डोळ्यांत पाणी आलं की तिच्या, दिसलं न्हाई का तुला?

दिसलं होतं. मला वाटलं गोष्ट ऐकून आलं.

रविवार, २० जुलै

निरीक्षण. धैर्या काहीही बोलला की स्वप्नाली हसते. खो खो हसते. मी बोलतो तेव्हा अजिबात हसत नाही. यावरून उघड आहे की त्याला ती विदूषक समजते आणि माझा आदर करते. सॉफ्टवेअर टेस्टर आहे मी. दुसऱ्याच्या चुका शोधण्याचाच पगार घेतो. माझ्या नजरेतून काही सुटत नाही.

नियम केला. खेळ सुरू होण्याआधी एकदा फासा टाकायचा. पंधरा किंवा वर पडलं तर त्या दिवशी तिला मनातलं सांगायचं. आज टाकला. चार. फाशाच्या पुढे जाण्यात अर्थ नाही.

शनिवार, ९ ऑगस्ट

आज राखी. धोक्याचा दिवस. गेल्या रविवारी बोलता बोलता ती म्हणाली होती की तिला भाऊ नाही, चुलत भाऊ मुंबईला, त्यांच्याशी बोलणं नाही. मी मनात म्हणालो, उत्तम, म्हणजे पुढे मेव्हण्याच्या हातचा मार नाही.

तरी सावध राहिलो. फोन बंद. उकाड्यात फुल शर्ट, बाह्यांची बटणं लावून. आईने विचारलं ताप हाय का? दारावर टकटक झाली तर संडासात जाऊन बसलो. कुरिअरवाला होता.

संध्याकाळी फोन चालू केला. तिचा एकही मेसेज नाही. राखी नाही म्हणजे नाही! इतका स्पष्ट होकार आजवर मला कुणी दिला नव्हता.

रविवार, ३१ ऑगस्ट

गणपतीमुळे खेळ बंद, पण डोकं जोरात. सगळी योजना ठरली. खेळाच्या शेवटी राज्याचा हरवलेला राजपुत्र प्रकट होईल. तो मी. तो त्या शूर योद्ध्या स्त्रीपुढे भाषण करेल. भाषण संपता संपता तिला कळेल की हे खेळातलं नाही, खरंच आहे. भाषण ओवीत लिहितोय. त्यासाठी निवांतपणा पाहिजे.

म्हणून दोघांना गुहेत पाठवलं. त्यांना सांगितलं, उत्तरेच्या डोंगरात अंधारी गुहा आहे, तुम्ही दोघं आत जा, आत काय होतं ते फोनवर तुमचं तुम्ही खेळा. मला मधे मधे विचारू नका. बाहेर आलात की सांगा.

धैर्याने दोनदा विचारलं, नक्की ना रं राजा? दोघंच? मी म्हणालो, दोघंच. तो माझ्याकडे बघतच राहिला. नियम कळायला त्याला वेळ लागतो.

रविवार, १४ सप्टेंबर

भाषणाच्या सतरा ओव्या झाल्या. दोघं अजून गुहेतच. स्वप्नाली म्हणाली, गुहा मोठी आहे. मी ती छोटी केली होती. एक वटवाघूळ आणि एक पेटी, एवढंच.

धैर्याने नियमांचं जाड पुस्तक वाचून काढलंय. नर्सरीत पाणी सोडून बांधावर बसून वाचतो म्हणे. मला कुठल्याशा पानावरची चूक दाखवली. आवडलं नाही. स्वप्नालीच्या वडिलांना उसाची रोपं नेऊन दिली, आणि ती लावायलाही स्वतः गेला. धंदा वाढवायची पद्धत चांगली आहे त्याची.

रविवार, २८ सप्टेंबर

खेळ झाल्यावर धैर्या मागे थांबला. म्हणाला, राजा, आवडणाऱ्या माणसाला कसं सांगायचं रं? मला गहिवरून आलं. बिचाऱ्याच्या मनात कुणीतरी आहे, नर्सरीत रोपं न्यायला येणाऱ्यांपैकी असणार. आपला मित्र, त्यात ते कान. मी मनापासून सल्ला दिला. फार बोलू नकोस, ओव्या लिहू नकोस, तुला ते झेपणार नाही. तिला काय सोसत नाही एवढं तुला ठाऊक आहे, हे तिला कळू दे. आणि थांबू नकोस, उद्याच सांग.

तो मला मिठी मारून गेला. बरगड्या अजून दुखतायत.

गुरुवार, २ ऑक्टोबर. दसरा

दोघं आपट्याची पानं द्यायला घरी आली. स्वप्नालीने पिवळी साडी नेसली होती. मी गच्चीवर जाऊन फासा टाकला. सतरा!

पण टेबल एका बाजूला कलतंय, हे मला बऱ्याच दिवसांपासून जाणवत होतं. पायाखाली कागदाची घडी घालून परत टाकला. दोन.

खाली आलो तर ती धैर्याच्या बुलेटवर बसून गेलीसुद्धा. एसटी दसऱ्याची भरून येते. त्याने सोडलं हे बरं केलं.

रविवार, १९ ऑक्टोबर

तिचा फोन आला! आवाज नेहमीसारखा नव्हता. म्हणाली, गुरुवारी बाबा आणि मी तुमच्याकडे येऊ का? बाबांना तुमच्या आईंकडे एक मागायचंय. तुम्ही नाही म्हणणार नाही ना?

मी नाही म्हणेन?

मुलीकडचे आपणहून घर बघायला येतायत. सगळ्या राक्षसांच्या मूर्ती कपाटात टाकल्या. पंखा पुसला. आईला सांगितलं तर तिने देवापुढे साखर ठेवली आणि मग थांबून म्हणाली, गुरुवारी काय हाय रं? मी म्हणालो, गुरुवारी दत्ताचा वार आहे, चांगलाच दिवस. ती म्हणाली, तसं न्हवं, दिवाळीतला कंचा दिस? मी म्हणालो, दिवाळीतला कुठलाही दिवस शुभच.

गुरुवार, २३ ऑक्टोबर. सकाळी नऊ

अंघोळ दोनदा. नवा कुर्ता. ओव्या पाठ. आज फासा टाकायची गरज नाही.

त्याच दिवशी, संध्याकाळी सहा

काका बसले. स्वप्नाली बसली. पोहे झाले. काका म्हणाले, आवं ताई, एक मागनं घिऊन आलोय, न्हाई म्हनू नगा. आई पदर सावरून म्हणाली, मागनं कसलं, घर तुमचंच हाय. मी पंख्याकडे बघत होतो, चेहरा फार खुललेला दिसू नये म्हणून. काका म्हणाले, पोरीचं लगीन ठरलं. धैर्यशीलशी. पुढच्या म्हैन्यात तीस तारीख. आमास्नी ल्योक न्हाई. लग्नात कानपिळीला भाऊ पायजे. ती म्हनती, करंल तर राजादादाच करंल.

लग्नात नवरीच्या भावाने नवऱ्याचा कान पिळायचा. माझ्या बहिणीला नीट नांदव म्हणून दम द्यायचा. मग नवऱ्याने त्याला मानाचा आहेर करायचा. तो मान मला.

राजादादा. हे कवाधरनं?

मी काहीतरी बोलायच्या आत तिने पिशवीतून ताट काढलं. निरांजन, कुंकू, सुपारी. आईने पाट मांडला. तिला दिवस कळला होता, त्या दिवशीच कळला होता. मी पाटावर बसलो. टिळा लावताना स्वप्नाली म्हणाली, लहानपणापासून भाऊबीजेला ती गच्चीत जाऊन चंद्राला ओवाळते. भाऊ नसलेल्या मुली ओवाळतात तसं. आज पहिल्यांदा माणसाला ओवाळतेय.

मी म्हणालो, व्हय. ओवाळणी माझ्याकडे नव्हती, आईने मागून हातात नोट सरकवली.

मग ती म्हणाली, तुम्ही आम्हाला मुद्दाम गुहेत पाठवलंत, आणि धैर्यशीलना बोलायचं बळही तुम्हीच दिलंत, ते सारखे सांगतात. मी म्हणालो, अर्थात. पहिल्यापासून माझी योजनाच ती होती. काका म्हणाले, लय मोठ्या मनाचं पोरगं हाय. धैर्या बाहेर फाटकाशी उभा होता, आत यायला लाजत होता. मीच हाक मारली.

ते गेल्यावर आईने माझ्यापुढे उरलेले पोहे ठेवले आणि डोक्यावरून हात फिरवला. मी म्हणालो, मला झोप आलीय. अजून दिवे लागायचे होते.

रविवार, ९ नोव्हेंबर

खेळ नाही. दोघं बस्त्याला सांगलीला.

मी खचलो वगैरे नाही. उलट आता एक हत्यार हातात आहे. कान. धर्माने दिलेला अधिकार आहे, भर मांडवात, भटजींच्या साक्षीने. असा पिळणार की गड्याला सगळा हिशेब कळेल. मिरच्या, रोपं, बुलेट, गुहा, सगळं. ओल्या टॉवेलवर सराव चालू केलाय. मनगट दुखतंय पण पीळ चांगला बसतो. आई म्हणाली, आजकाल लय कपडं धुतोस बाबा.

शनिवार, २२ नोव्हेंबर

धैर्या येऊन बसला. मग म्हणाला, राजा, तुझ्या मनात काही न्हवतं ना रं? आज सांग. आज सांगितलंस तर मी बघतो काय ते.

काय बघणार होता कोण जाणे. हा माणूस खरंच काहीतरी बघेल, ही भीती वाटली. शाळेतही असाच मधे पडायचा.

मी म्हणालो, काहीतरीच काय, ती माझ्या टाइपची नाही. नदीवरून वाद घालते.

तो गेल्यावर टॉवेल दोनदा पिळला. ओला नव्हता.

रविवार, ३० नोव्हेंबर. लग्नाहून आल्यावर

कुंडल. मांडव मोठा. तालमीतली सगळी पोरं आलेली, त्यांचेही कान तसलेच. मला फेटा बांधला, तो नाकावर येत होता. भटजींनी पुकारलं, नवरीचे बंधू पुढं या. मी गेलो. स्वप्नाली मान खाली घालून बसलेली. मी मनात सगळा हिशेब परत मोजला, उजवा कान धरला आणि जीव खाऊन पिळला.

कान पिळलाच गेला नाही. पैलवानाचा कान तो. त्यात मऊ असं काही उरलेलंच नाही, नुसती गाठ. टॉवेलाचा सगळा सराव फुकट. मी दोन्ही हात लावले. तो दगडासारखा तसाच. मागून कुणीतरी म्हणालं, नवरीच्या भावात दम न्हाई गड्या. माझे डोळे भरून आले. आता सगळ्या कुंडलपुढे रडणार, हे मला कळलं.

तेवढ्यात धैर्याने माझ्याकडे बघितलं आणि केवढ्यानं तरी ओरडला, आय आय आय गं! सोड रं दादा, सोड! नांदवतो, राणीवानी नांदवतो, पर सोड! कान धरून पाटावर लोळायचंच बाकी ठेवलं त्याने. मांडव हसून हसून कोसळला. तालमीतली पोरं शिट्ट्या मारायला लागली. काका डोळे पुसत म्हणाले, भाऊ असावा तर असा. स्वप्नालीने पहिल्यांदा माझ्याकडे मान वर करून बघितलं आणि हसली. माझ्याकडे बघून हसली.

मग त्याने मला आहेर केला. पँटपीस, टॉवेल, टोपी. टोपी घालताना हळूच म्हणाला की दुखलं न्हाई रं, पर दुखायला पायजे हुतं.

टॉवेल चांगला जाड आहे. पीळ बसेल.

रविवार, ७ डिसेंबर. दुपार

जोडी पहिल्यांदा जेवायला येतेय. आई म्हणते, पोरगी माह्यारी येतीया, साडी तुझ्या हातनं दे. साडी आणलीय. पिवळी. का पिवळी आणली ते माझं मला ठाऊक.

जेवणानंतर खेळायचं ठरलंय. दोघांना गुहेतून बाहेर काढायचं राहिलंय. राजपुत्र रद्द केला. नदी खोडून डोंगराच्या पायथ्याला काढली, राजाला कॅनॉल दिला.

मला ती हवी होती. जूनपासून एवढी पानं लिहिली, हे एक वाक्य कुठेच नव्हतं. आता लिहिलंय तर राहू दे.

टेबल मांडलं. सवयीने फासा टाकला. एकदाच.

वीस.

वाकून टेबल तपासलं. सरळ होतं.

फाटक वाजलं. धैर्याचा आवाज आला, मग तिचा. आईने खालून हाक मारली, राजा, पावनी आली, भडंगाला कांदा चिरायला ये. खाली गेलो. आईने विचारलं, डोळं का रं लाल? मी म्हणालो, कांद्याने.

कांदा अजून पिशवीतच होता.